भिंतीवरचे सात अंश

निफाडच्या थंडीचा आकडा कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातून येतो. दुसऱ्या दिवशी तो पेपरात छापून येतो, पुण्या-मुंबईचे पाहुणे फोन करून गारठलात का म्हणून विचारतात, आणि त्यांचा विषय तिथे संपतो. द्राक्षवाल्याचा तिथून सुरू होतो. ऑक्टोबरात गोडी छाटणी झालेली बाग डिसेंबर-जानेवारीत ऐन फुगवणीत असते. रात्रीचं तापमान दहाच्या खाली राहू लागलं की वेल थबकते आणि मण्याची फुगवण रेंगाळते. रात्री कडाका आणि दुपारी चटका असं सुरू झालं, तर हिरव्या द्राक्षात गुलाबी मणी दिसू लागतात. निर्यातीच्या मालाला ते चालत नाहीत, म्हणून घडांना पेपर गुंडाळायची मजुरी वाढते. तापमान त्याहूनही खाली गेलं तर पान करपतं, आणि पान गेलं की घडाला पोसणारं कोणी उरत नाही.

म्हणून कडाक्याच्या रात्री आम्ही शेकोट्या पेटवतो, पहाटे ठिबक सोडतो. विहिरीचं पाणी हवेपेक्षा बरंच कोमट असतं आणि ओली जमीन कोरड्या जमिनीपेक्षा ऊब जास्त धरून ठेवते. पण रात्री दोन-तीनला माणसं उठवायची, छाटणीच्या काड्या आणि पाचट ओळींच्या तोंडाशी नेऊन टाकायचं, थ्री फेज लाइटची पाळी कधी आहे ते बघायचं, हा सगळा उपद्व्याप रोज परवडत नाही. आज करायचा की नाही, हे रात्रीच ठरवावं लागतं. पेपरातला आकडा तेव्हा छापूनही झालेला नसतो, आणि झाला तरी तो कुंदेवाडीचा असतो. मला माझ्या बागेचा हवा होता, तोही अंथरुणातून न उठता.

माझी थोरली बहीण जर्मनीत असते. दिवाळीनंतर आली तेव्हा ताईने बिनतारी थर्मामीटरचं घड्याळ आणलं. एक घड्याळ घरात ठेवायचं, त्यावर वेळ, घरातलं तापमान आणि बाहेरचं तापमान. बाहेरचा आकडा एक छोटा पांढरा सेन्सर पाठवतो, दर मिनिटा-दीड मिनिटाला, 433 मेगाहर्ट्झच्या लहरींवर. ताईने तिकडेच सेल घालून, दोन्ही एकमेकांशी जोडून, चालू स्थितीत आणलं होतं. पिशवीतून काढलं तेव्हाच दोन्ही आकडे दिसत होते. मला काहीच करावं लागलं नाही, आणि त्यामुळेच त्या वस्तूबद्दल काही शिकायचं असतं हे माझ्या डोक्यात आलं नाही. माहितीपत्रक जर्मन भाषेत होतं, मी ते घडी करून कपाटात ठेवलं.

सेन्सर मी पडवीच्या भिंतीला लावला. आधी बागेत नेऊन पाहिला होता, पण आकडा अधूनमधून जायचा. पडवीत तो पक्का यायचा. पाऊस लागणार नाही, कोणी चोरणार नाही, सेल बदलायला सोपा. माझी सोय पाहून मी जागा ठरवली. बाग तिथून दिसते, मग तिचंच तापमान येणार असं मी धरून चाललो.

वडील त्या वेळीच म्हणाले होते, "भिंत तापती रे दिवसभर. तिथं कशाला?" मी त्यांना म्हणालो, "अण्णा, रात्रीचं बघायचंय आपल्याला. रात्री कुठंय ऊन?" त्यांनी पुढे वाद घातला नाही.

आमच्या शिवारातल्या द्राक्षवाल्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. औषधांचे दर, मजुरांच्या टोळ्या, लाइट आली-गेली, असं सगळं त्यावर चालतं. मी रात्रीचे आकडे टाकायला लागलो. पहाटे जाग आली की घड्याळ बघायचं आणि लिहायचं. लोक वाट पाहू लागले. दशांश चिन्हासकट आकडा असल्यामुळे तो सगळ्यांना खात्रीचा वाटायचा, मला सगळ्यात जास्त.

जानेवारीत एका रात्री वारा पूर्ण पडला होता, आभाळ निरभ्र होतं. तीनच्या सुमारास घड्याळावर 7.4 होते. मी ग्रुपवर लिहिलं, "आत्ता 7.4. शेकोटीची गरज नाही." एवढंच लिहिलं असतं की माझ्या पडवीत 7.4 आहेत, तर प्रत्येकाने आपलं आपण ठरवलं असतं. मी निर्णयच देऊन टाकला. ओढ्याकडच्या अंगाला ज्यांची बाग आहे त्या शेजाऱ्यांनी माणसं बोलावून ठेवली होती. माझा मेसेज वाचून त्यांनी ती परत पाठवली.

सकाळी ओढ्याकडच्या शेवटच्या ओळींत गवतावर पांढरं दिसत होतं. हात लावला तर दव नव्हतं, बर्फाचे बारीक कण होते. वरच्या ओळींची पानं ठीक होती. खालच्या ओळींतली उन्हं चढेपर्यंत हिरवीच दिसली, पण दुपारपर्यंत शिजलेल्या भाजीसारखी गळून पडायला आली आणि दोन-तीन दिवसांत काठाने तपकिरी होत गेली. माझ्याही ओळी गेल्या, शेजाऱ्यांच्याही गेल्या. त्यांच्या जास्त, कारण त्यांचा बराचसा प्लॉट त्याच उतारावर आहे. पान गेलेल्या वेलींचे घड नंतर उघडे पडले, काहींना ऊन लागलं, गोडी भरायला वेळ लागला.

मी त्यांच्याकडे गेलो. ते बांधावर उभे होते. त्यांनी फक्त एक प्रश्न विचारला, "सेन्सर लावलाय कुठं तुम्ही?" मी म्हणालो, "घराला." त्यांनी "घराला?" असं परत विचारलं आणि ओळीत निघून गेले. मी मागोमाग गेलो, आकडा माझ्या भरवशावर घेतला म्हणून तुमचं नुकसान झालं हे त्यांना सांगितलं. संध्याकाळी ग्रुपवरही लिहिलं. ते लिहायला जड गेलं, पण पुढच्या रात्री पुन्हा कोणी माझ्याच आकड्यावर झोपून राहू नये यासाठी तेवढं लगेच करणं भाग होतं.

त्यानंतर एक गार रात्र निवडून मी शेती-औषधांच्या दुकानातून आणलेला साधा काचेचा थर्मामीटर आणि बॅटरी घेऊन फिरलो. प्रत्येक ठिकाणी बराच वेळ थांबायचं, थर्मामीटरवर श्वास पडणार नाही असं बघायचं, मग वाचायचं. पडवीत आठाच्या किंचित खाली. अंगणात, भिंतीपासून दूर, सहाच्या आसपास. बागेच्या वरच्या तोंडाला, कमरेच्या उंचीवर, साडेचार. ओढ्याकडच्या शेवटच्या ओळीत तीनच्याही खाली. एकच रात्र, एकच थर्मामीटर, आणि जेमतेम चार-पाच मिनिटांच्या चालीचं अंतर. तो काचेचा थर्मामीटर हातात धरून मी शेवटच्या ओळीत उभा राहिलो, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की मी आजवर पडवीचं तापमान मोजत होतो आणि त्याला बागेचं नाव देत होतो.

असं का होतं, ते मग मी समजून घेतलं. निरभ्र, बिनवाऱ्याच्या रात्री जमीन आणि पानं आपली उष्णता आभाळाकडे सोडत राहतात. ढग असले तर त्यातली बरीच परत मिळते, नसले तर जाते ती गेलीच. जमीन गार झाली की तिला लागून असलेली हवा गार होते. गार हवा जड, ती वर जात नाही, उताराने हळूहळू खाली सरकते आणि सखल भागात, बांधाच्या आड, ओढ्याच्या काठी साचते. त्यामुळे अशा रात्री जमिनीजवळ सगळ्यात थंड आणि दहा-पंधरा मीटर वर त्यापेक्षा उबदार, अशी उलटी रचना होते. शेकोटीचा जो काही उपयोग होतो तो जाळाच्या उष्णतेचा आणि तिच्यामुळे वरची-खालची हवा घुसळली जाते त्याचा. नुसता धूर कोंडून फारसं साधत नाही, कारण धुराचे कण इतके बारीक असतात की जमिनीची उष्णता त्यांना जुमानत नाही. हेही मला आधी ठाऊक नव्हतं. ओला कचरा टाकून जितका जास्त धूर तितकं चांगलं असं मी वर्षानुवर्षं धरून होतो.

आणि पानाचं तर हवेपेक्षाही वेगळं. पान स्वतः आभाळाकडे उष्णता सोडतं, त्यामुळे कमरेच्या उंचीवर हवा दोन-तीन अंशांवर असतानाही पानाचा पृष्ठभाग शून्याच्या खाली जाऊ शकतो. त्या रात्री नेमकं हेच झालं. माझी भिंत मात्र दुपारनंतरचं पश्चिमेचं ऊन पिऊन बसली होती, वर पडवीचं छप्पर असल्यामुळे आभाळ तिला दिसतच नव्हतं. ती रात्रभर सेन्सरला ऊब देत होती. अण्णांनी हे एका वाक्यात सांगितलं होतं.

सेन्सर बागेत न्यायचा तर लहरी पोचायला हव्यात. खोक्यावर 100 मीटर लिहिलंय, पण मोकळ्या मैदानातले. आमच्या मध्ये लोखंडी अँगल, त्यावर ताणलेल्या तारांचा मंडप, पाण्याने भरलेली पानं आणि घराचं सळईचं काँक्रीट. घड्याळ मी फ्रिजवर ठेवलं होतं, इन्व्हर्टरच्या शेजारी. त्याच्याइतकी वाईट जागा घरात दुसरी नव्हती. ते माडीवरच्या बागेकडच्या लाकडी खिडकीत नेलं, सेन्सर मंडपाच्या आत न ठेवता ओळींच्या टोकाला एका लाकडी खांबावर लावला, आणि आकडा यायला लागला. पण ओढ्यापर्यंत नाहीच. तेवढं अंतर त्याच्या आवाक्यात नाही.

इथे एक धोका आहे. माझ्या घड्याळात सेन्सरचा संपर्क तुटला तरी शेवटचा आकडा बराच वेळ तसाच दिसत राहतो, आडव्या रेघा उशिरा येतात. दोनचा आकडा तीनला दिसतो आणि बघणाऱ्याला वाटतं तापमान स्थिर आहे. लहरींचं छोटं चिन्ह दीड मिनिटात हललं का, हे मी आता आकड्याच्या आधी बघतो.

खांबावर लावल्यावर दुपारी घड्याळ 44 दाखवायला लागलं, जानेवारीत. ऊन थेट सेन्सरवर पडत होतं. सेन्सर हवेचं तापमान सांगतो असं आपण म्हणतो, पण तो सांगतो स्वतःचं. ते हवेइतकं राहील अशी व्यवस्था आपण करायची असते. मी घाईने पाण्याची बाटली कापून त्यावर टोपण घातलं, तर आकडा आणखी चढला, कारण आत हवाच खेळत नव्हती. रात्री उघडा सेन्सर उलट चुकतो, पानासारखाच आभाळाकडे उष्णता सोडून हवेपेक्षा थोडा खाली जातो.

यावरचा उपाय एकोणिसाव्या शतकातला आहे. थॉमस स्टीव्हन्सन नावाच्या स्कॉटिश इंजिनिअरने दुहेरी झडपांच्या भिंतींची पांढरी लाकडी पेटी तयार केली. दीपगृहं बांधणारा माणूस, कादंबरीकार रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनचे वडील. जगभरच्या अनेक वेधशाळांत थर्मामीटर अशाच पेटीत, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटरच्या दरम्यान असतो, आणि आपल्या उत्तर गोलार्धात पेटीचं दार उत्तरेला, म्हणजे उघडताना ऊन आत येत नाही. मी कुंड्यांखाली ठेवतात त्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या थाळ्या आणल्या. सगळ्यात वरची अखंड ठेवली, मधल्यांना मोठं भोक पाडलं, तीन आटेदार सळयांवर नटच्या साहाय्याने बोटभर अंतर ठेवून त्या उपड्या रचल्या, आणि सेन्सर आत टांगला. वारा आरपार जातो, ऊन आणि आभाळ दोन्ही सेन्सरला दिसत नाहीत. दुपारचे आकडे लगेच ताळ्यावर आले.

बागेत ठेवलं की फवारणीही आली. बोर्डो मिश्रणाची फवारणी ब्लोअरने झाली तेव्हा मी सेन्सर काढायला विसरलो. थाळ्यांवर निळसर पांढरा थर बसला, तो धुऊन निघाला, पण त्यातलं मोरचूद सेलच्या झाकणातून आत गेलं आणि स्प्रिंग हिरवी पडली. आता फवारणीच्या दिवशी सेन्सर पिशवीत जातो. पावसाळ्यात सेल काढून ठेवायचे हेही एक वर्ष राहून गेलं होतं, साधे स्वस्तातले सेल आतच फुटले. आतल्या पट्ट्या पॉलिश पेपरने घासून कसंबसं निभावलं.

सेल बदलताना आणखी एक घोळ झाला. मी सेन्सरचे सेल बदलले आणि घड्याळावर रेघा आल्या त्या जाईनात. वस्तू बिघडली असं समजून काही रात्री मी ती वापरलीच नाही. ताईने कपाटातलं ते पत्रक फोटो काढून मागवलं आणि वाचून सांगितलं: सेल काढले की सेन्सर नवी ओळख घेतो, घड्याळ जुनीच ओळख शोधत बसतं. दोन्हींचे सेल काढायचे, आधी सेन्सरमध्ये घालायचे, मग घड्याळात, दोन्ही काही वेळ शेजारी ठेवायचे आणि आकडा येईपर्यंत कुठलंही बटण दाबायचं नाही. मी उलटं करत होतो आणि वर अधीर होऊन बटणं दाबत होतो.

घड्याळाच्या वेळेचं तर वेगळंच. सुरुवातीला ते जर्मन वेळ दाखवायचं, कोपऱ्यात एक मनोऱ्याचं चिन्ह लुकलुकायचं. आपोआप वेळ जुळवणारं घड्याळ आहे एवढं ऐकलं होतं, म्हणून मी वाट पाहिली, गच्चीवर ठेवून पाहिलं. जुळणार कसं? ते घड्याळ फ्रँकफर्टजवळच्या माइनफ्लिंगेन इथल्या 77.5 किलोहर्ट्झच्या प्रक्षेपणावरून वेळ घेतं. त्याचा आवाका साधारण 2000 किलोमीटरचा, आणि निफाड तिथून साडेसहा हजार किलोमीटर दूर. शिवाय त्यात पूर्ण तासांचाच फरक लावता येतो, आपला साडेपाच तासांचा हिशोब त्यात बसतच नाही. तो शोध बंद करायचा आणि वेळ हाताने लावायची, महिन्याला काही सेकंद पुढे-मागे होतं तेवढं सुधारायचं, हाच मार्ग.

वेळ चुकली तर तापमानाचं काय बिघडलं, असं वाटेल. माझं बिघडलं. घड्याळ रोज मध्यरात्री कमाल-किमान पुसून नव्याने सुरू करतं. जर्मनीची मध्यरात्र हिवाळ्यात आपल्याकडे पहाटे साडेचारला होते. मी पहाटे चारला किमान बघायचो तेव्हा त्यात आदल्या पहाटेचा आकडा बसलेला असायचा, आणि मी तो चालू रात्रीचा समजून ग्रुपवर टाकायचो. पडवीची भिंत एकीकडे जास्त दाखवत होती, हे घड्याळ दुसरीकडे जुनं दाखवत होतं. त्या सुरुवातीच्या दिवसांतले माझे बहुतेक मेसेज निरुपयोगी होते.

दशांशावरचा विश्वास सगळ्यात शेवटी गेला. डिस्प्लेवर 0.1 पर्यंत आकडा येतो म्हणजे तो तितका खरा असतो असं नाही. पत्रकात अधिक-उणे एक अंश लिहिलंय. तपासायची रीत सोपी आहे: बर्फाचा बारीक चुरा, तो भिजेल एवढंच पाणी, सेन्सर बंद पिशवीत घालून त्यात पूर्ण बुडवायचा. असं मिश्रण शून्यावर राहतं. मी आधी स्टीलच्या डब्यात केलं, तर रेघा आल्या, धातूतून लहरी बाहेर येत नाहीत. मग थर्मोकोलच्या खोक्यात केलं. प्लॅस्टिकच्या आवरणामुळे आकडा खाली यायला बराच वेळ लागतो, धीर धरावा लागतो. अखेर तो 1.1 वर थांबला. म्हणजे माझा सेन्सर गारठ्यात एक अंशाहून किंचित जास्तच सांगतो. तो आकडा मी खडूने खिडकीच्या चौकटीवर लिहून ठेवलाय, घरात कोणीही बघितलं तरी वजा करून सांगावं म्हणून.

ओढ्याकडच्या टोकाला आता काचेचा थर्मामीटर आहे, तसल्याच थाळ्यांत. कडाक्याच्या रात्री खांबावरचा आकडा वजाबाकी करून पाचावर आला की मी उठतो आणि खाली जाऊन बघून येतो. खांब आणि ओढा यांच्यात वारा असला तर जेमतेम अर्ध्या अंशाचा फरक असतो, वारा पडला की दोन अंशांचा. त्यामुळे एकावरून दुसरा ठरवता येत नाही, चालत जावंच लागतं. ग्रुपवर मी अजून लिहितो, पण कुठला आकडा, किती उंचीवरचा, किती वाजताचा, हे सगळं, आणि वारा आहे की नाही. शेकोटीचं लिहीत नाही.

शेजाऱ्यांनीही यंदा तसाच सेट मागवला. लावला त्या दिवशी त्यांच्या घड्याळावर माझ्याच खांबाचा आकडा आला, कारण दोन्ही सेन्सर पहिल्याच चॅनेलवर होते. मी जाऊन त्यांच्या सेन्सरच्या मागची सरकपट्टी तीनवर केली, घड्याळही तीनवर लावलं, आणि दोघांनी मिळून तो त्यांच्या ओढ्याकडच्या ओळीत, कमरेच्या उंचीवर टांगला. त्यांच्या घरापासून ती ओळ जवळ आहे, तिथून आकडा नीट येतो. बर्फाची तपासणी राहिली आहे. तेवढी थंडी पडायच्या आत करायची आहे.